खोताच्या वाडीतील रोषणाई

(मुंबईत गिरगावात 'खोताची वाडी' नावाची एक जुनी वस्ती आहे. नाताळात तेथील घरांवर दिवे लागतात. बीडच्या एका शिक्षकाने ती रोषणाई पाहिली. त्या भेटीचे वर्णन या पाठात आहे.)

डिसेंबर महिना होता. मी बीडहून रात्रीच्या एस.टी.ने मुंबईला गेलो. काम जरा अवघड होते. बीडमधील आमचे वडिलोपार्जित घर काही वर्षांपासून बंद होते. ते विकावे की ठेवावे, हे थोरल्या भावाशी बोलून ठरवायचे होते. भाईजान मुंबईत नागपाड्याला राहतात आणि टॅक्सी चालवतात.

दिवसभर आमचे बोलणे झाले, पण काही ठरेना. भाईजान म्हणाले, "कुलूप लावलेल्या घराचा उपयोग काय?" त्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते. घर माळवदाचे आहे. दर पावसाळ्यात ते गळते आणि दुरुस्तीला पैसा लागतो.

संध्याकाळी माझा पुतण्या म्हणाला, "चाचा, अमेरिकेत लोक मोटारीत बसूनच नाताळची रोषणाई पाहतात. दोन्ही बाजूंना दिवे असतात आणि मधून गाडी हळूहळू पुढे जाते. आज आपणही टॅक्सीतूनच रोषणाई पाहू या!"

भाईजान हसले आणि त्यांनी टॅक्सी गिरगावाकडे वळवली. पण खोताच्या वाडीच्या तोंडाशी येताच ती थांबवावी लागली. पुढची गल्ली फार अरुंद होती. "येथे आपल्या पायांचीच मोटार!" असे म्हणून भाईजान खाली उतरले. आम्ही तिघे चालत आत गेलो.

आत शिरताच मोठ्या रस्त्यावरचा गोंगाट मागे राहिला. दोन्ही बाजूंना लाकडी बांधणीची टुमदार घरे होती. उतरती कौलारू छपरे, पुढे पडवी, नक्षीदार कठडे आणि बाहेरून वर जाणारे लाकडी जिने! कठड्यांवर लाल, हिरव्या, पिवळ्या दिव्यांच्या माळा चमकत होत्या. दारादारांत कागदी चांदण्या टांगल्या होत्या. त्या पाहून मला दिवाळीतील आकाशकंदील आठवला. आमच्या बीडमध्ये शहेनशाहवलींच्या उरुसाला आणि महाशिवरात्रीला कंकालेश्वराच्या यात्रेत लागणारे दिवेही आठवले. सण वेगवेगळे, पण दिवा लावण्याचा आनंद सारखाच!

एका पडवीत छोटासा गोठा मांडला होता. त्यात गवत, मेंढ्या आणि गव्हाणीत एक तान्हे बाळ होते. जवळ त्याची आई बसली होती. पुतण्याने हळूच विचारले, "चाचा, या बीबी मरियम ना?"

"होय," मी म्हणालो. "कुरआन शरीफात त्यांच्या नावाची एक सूरह आहे. ख्रिस्ती लोक ज्यांना येशू म्हणतात, त्यांना आपण हजरत ईसा म्हणतो आणि पैगंबर मानतो. दोन्ही धर्मांच्या श्रद्धा सारख्या नाहीत. पण या माय-लेकरांविषयीचा आदर दोघांनाही आहे."

आमचे बोलणे ऐकून पडवीतील एक वृद्ध बाई पुढे आल्या. "कुठून आलात?" त्यांनी चक्क मराठीत विचारले. "बीडहून," मी म्हणालो. "एवढ्या लांबून! मग बाहेर का उभे? वर या, बसा." त्यांनी आमच्यापुढे केकची बशी ठेवली.

पुतण्याला नवल वाटले. "आजी, तुमची भाषा मराठी आहे?" त्याने विचारले. त्या हसल्या. "आम्ही ईस्ट इंडियन. आमची बोली मराठीचीच. तू घरी काय बोलतोस?" "उर्दू," तो म्हणाला. "आणि आता माझ्याशी मराठी बोलतोस. मग झाले तर! आपण दोघेही मराठीच की," आजी म्हणाल्या.

त्यांनी आम्हांला वाडीची हकिकत सांगितली. अठराव्या शतकाच्या अखेरीस ही जमीन दादोबा वामन खोत या पाठारे प्रभू गृहस्थांची होती. त्यांनी ती ईस्ट इंडियन कुटुंबांना घरे बांधण्यासाठी दिली. म्हणून वस्ती ख्रिस्ती लोकांची आणि नाव मात्र खोतांचे! उत्तर कोकणातील या लोकांचे पूर्वज पोर्तुगीजांच्या काळात ख्रिस्ती झाले. पुढे १८८७ साली 'ईस्ट इंडियन' या नावाने त्यांची संघटना स्थापन झाली.

'नाताळ' हा शब्दही पोर्तुगीज भाषेतून मराठीत आला आहे. चावी, बादली, पाव हे शब्दही तिकडचेच. उर्दूत आपण चाबी, बाल्टी, पावरोटी म्हणतो. पाहुणे शब्द दोन्ही घरी उतरले!

शेजारच्या घरावर मात्र एकही दिवा नव्हता. "तिथे कोणी राहत नाही का?" भाईजानांनी विचारले. आजी क्षणभर गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "मुले परदेशी गेली. एके काळी वाडीत अशी पासष्ट घरे होती. आता त्यांच्या निम्मीही उरली नाहीत. जुने घर सांभाळणे सोपे नाही, बाबा. लाकूड महाग, सुतार मिळत नाही. विकणाऱ्याला मी दोष देत नाही. पण नाताळात ती अंधारी जागा डोळ्यांना टोचते."

"तुमच्या घरावर पुढच्या वर्षी दिवे लागतील ना?" पुतण्याने विचारले.

"मी आहे तोवर लागतील," आजी म्हणाल्या.

परतताना टॅक्सीत कोणी बोलले नाही. नागपाडा जवळ आल्यावर भाईजानांनी विचारले, "घराची चावी कोणाकडे आहे?"

"माझ्याकडे."

"पावसाळ्यापूर्वी माळवदावर नवी माती टाकून घे. अर्धा खर्च मी देईन. विकायचे की नाही, ते पुढे पाहू."

बीडला पोचल्यावर त्याच संध्याकाळी मी घराचे कुलूप उघडले. अंगण झाडले आणि दारावर एक दिवा लावला. रस्त्याने जाणाऱ्या शेजाऱ्यांनी विचारले, "मास्तर, आज कोणता सण?"

"सण नाही," मी म्हणालो, "घर उघडले आहे."

शब्दार्थ
रोषणाई – चिरागां. वडिलोपार्जित – आबाई, मौरूसी. माळवद – मातीचे सपाट छत. पडवी – घरापुढील ओसरी. गव्हाण – गुरांना चारा घालण्याची जागा. पूर्वज – बापदादे.

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) लेखक मुंबईला कशासाठी गेले?
(आ) टॅक्सी वाडीच्या तोंडाशी का थांबवावी लागली?
२. कारणे लिहा.
(अ) पुतण्याला नवल वाटले.
(आ) शेजारच्या घरावर दिवे नव्हते.
३. भाईजानांचा विचार कशामुळे बदलला असेल? तुमच्या शब्दांत सांगा.
४. तुमच्या गावातील एका जुन्या घराची माहिती घरातील वडीलधाऱ्यांना विचारा आणि आठ ओळी लिहा.