दहा गाड्यांचे एक गिऱ्हाईक

सातारा-सांगलीकडे गॅरेज, डेंटिंग-पेंटिंग, सीट कव्हर आणि वॉशिंगच्या कामात आपले अनेक कारागीर बांधव आहेत. आता काही तरुणांनी डिटेलिंगची, म्हणजे गाडी आतून-बाहेरून बारकाईने साफ करून पॉलिश करण्याची, दुकाने काढली आहेत. हातात सफाई आहे, पण गिऱ्हाईक एकेका गाडीचे. सणाच्या आधी रांग लागते, एरवी दिवस रिकामा जातो. यावर उपाय म्हणजे टॅक्सी, शाळेच्या बस, दुधाचे टँकर आणि ॲम्ब्युलन्स यांचे मालक. आम्ही कापडवाले, पण अशा मालकांना सीट कव्हरचे कापड विकता विकता त्यांची नाडी थोडीफार ओळखू लागलो आहोत.

पहिली गोष्ट वेळेची. घरची गाडी दिवसभर दुकानात राहिली तरी चालते. भाड्याची गाडी उभी राहिली की मालकाचे भाडे बुडते. म्हणून दर सांगण्याआधी विचारा, "गाडी रिकामी कधी असते?" महाबळेश्वरच्या टॅक्सीला एप्रिल-मे आणि दिवाळीत उसंत नसते, सीटा काढून धुण्याचे मोठे काम पावसाळ्यात मागा. शाळेच्या बसचे मे महिन्यात. ऊस वाहणाऱ्या ट्रकचे गाळप संपल्यावर. मिरजेच्या ॲम्ब्युलन्सला ठरावीक वेळ नसतेच. बोलावणे आले की रात्रीही जावे लागेल. शक्य असेल तर पंप आणि पाण्याची टाकी घेऊन मालकाच्या अड्ड्यावरच काम करा. सुरुवातीला त्याची सर्वांत मळकी गाडी एकदा फुकट करून दाखवा. हजार शब्दांपेक्षा ती एक गाडी जास्त बोलते.

दुसरी गोष्ट वहीची. गिऱ्हाईक मिळते कामाने, टिकते हिशोबाने. प्रत्येक गाडीचा नंबर, तारीख, आधीचे ओरखडे आणि आत सापडलेली वस्तू लिहून ठेवा. सापडलेले पाकीट ही अमानत आहे. त्याच दिवशी पोहोचवा. धुणारा माणूस गाडी मालकापेक्षाही जवळून पाहतो. टायरला चीर, ऑइलची गळती, झिजलेला वायपर दिसला की मालकाला कळवा. वाटेत बंद पडणारी गाडी तुमच्यामुळे वाचली तर तो मालक दोन रुपयांसाठी दुसरीकडे जाणार नाही. खालच्या अंगाला डिझेल मारण्याची जुनी सवय मात्र सोडा. त्याने रबरी बुश फुगून खराब होतात. सीटचे कापड ओले ठेवून गाडी परत देऊ नका. दोन दिवसांत कुबट वास येतो आणि नाव तुमचे जाते.

तिसरी गोष्ट उधारीची, आणि धंदा इथेच बुडतो. समजा १२ गाड्या, आठवड्याला एक धुणे, दर ३०० रुपये. महिन्याला चार धुणी धरली तर बिल १४,४०० रुपयांचे. बिल महिनाअखेरीस दिले आणि पैसे दीड महिन्याने आले, तर तोवर तुमचे ३६,००० रुपये अडकलेले असतात. पगार, शाम्पू, वीज सगळे पदरचे. तेव्हा सोसेल तेवढ्याच गाड्या घ्या आणि निम्म्याहून जास्त काम एकाच मालकाचे ठेवू नका.

आम्ही एका ट्रॅव्हल्सवाल्याला पडद्यांचे आणि सीटचे कापड केवळ शब्दावर दिले होते. त्याचा मुनीम बदलला. चलनावर सही नव्हती. पैसे गेले, संबंधही गेले. उधारीचा व्यवहार मुदत ठरवून, साक्षीदार ठेवून लिहून घ्यावा, ही शिकवण सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत आहे. आम्ही ती वाचली होती, पाळली नव्हती.

कायदाही तुमच्या बाजूने आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार, उद्यम नोंदणी केलेल्या छोट्या सेवादाराचे पैसे लेखी करार असल्यास ठरलेल्या मुदतीत, पण जास्तीत जास्त ४५ दिवसांत, आणि करार नसल्यास १५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर सुविधा परिषदेकडे दाद मागता येते. कायद्यात व्याजाची तरतूदही आहे. ज्याला ते नको त्याने मुद्दल तरी हक्काने मागावे. आमच्यासारख्या निव्वळ खरेदी-विक्री करणाऱ्यांना हे संरक्षण नाही, तुम्हा कारागिरांना आहे. नोंदणी ऑनलाइन आणि मोफत होते.

तेव्हा पहिली गाडी धुण्याआधी एक कागद करा: गाड्या किती, काम कोणते, दर काय, पैसे कोणत्या तारखेला. दोघांच्या सह्या घ्या. मग खुशाल पाइप हातात धरा.