वृक्ष आणि त्याचे आळे

परभणी जिल्हा गोदावरीच्या खोऱ्यात वसलेला आहे. येथील काळी जमीन कसदार, परंतु उन्हाळा कडक. मे महिन्यात पारा अनेकदा ४० अंशांच्या पुढे जातो. अशा नगरात रस्त्याकडेचे झाड ही केवळ शोभेची वस्तू नव्हे. नळ आणि दिवाबत्ती यांच्याइतकीच ती आवश्यक सोय आहे.

मुळांनी शोषलेले पाणी पानांतील सूक्ष्म छिद्रांवाटे वाफेच्या रूपाने बाहेर पडते. एक लिटर पाण्याची वाफ होण्यास सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता लागते. ती भोवतालातूनच घेतली जात असल्याने झाडाखालची हवा निवते. सावलीतील डांबर कमी तापते, म्हणून रात्रीही ते कमी उष्णता बाहेर टाकते. उडणारी धूळ पानांवर अडते आणि पावसाच्या सरींचा मारा सौम्य होतो.

झाडाची निवडही महत्त्वाची आहे. कडुनिंबाची जुनी पाने फाल्गुनाच्या सुमारास गळतात आणि लगेच नवी पालवी फुटते. त्यामुळे वैशाखात त्याची छाया दाट असते. मादागास्करहून आलेला गुलमोहर मनोहर खरा, पण उन्हाळ्यात तो बहुधा निष्पर्ण असतो आणि त्याच्या फांद्या वादळात मोडतात. वड, पिंपळ व उंबर यांची फळे पाखरांना अन्न पुरवतात. मात्र त्यांना ऐसपैस जागा हवी.

तथापि झाड लावले म्हणजे कर्तव्य संपले असे नाही. पुष्कळदा फरशी वा काँक्रीट थेट बुंध्यापर्यंत घातले जाते. मग पावसाचे पाणी गटारात वाहून जाते, मुळांना हवा मिळत नाही आणि झाड हळूहळू वाळते. शेतकरी आपल्या कलमाभोवती आळे करतो, ते पाणी मुळाशी मुरावे म्हणून. नगरातील झाडालाही तेच हवे.

महाराष्ट्रात नागरी भागातील झाडांच्या संरक्षणासाठी १९७५ चा कायदा आहे. त्यात २०२१ मध्ये झालेल्या सुधारणेनुसार ५० वर्षे वा त्याहून अधिक वयाच्या झाडांना विशेष संरक्षण मिळाले. यामागील विचार स्पष्ट आहे : जुन्या वृक्षाच्या विस्ताराची बरोबरी नवे रोप काही दशकांनंतरच करू शकते. तोवर मधल्या प्रत्येक उन्हाळ्यात पादचारी, भाजीविक्रेते आणि शाळकरी मुले उन्हातच राहतात.

परभणीत १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे. माती आणि मुळांचे नाते या नगराला नवे नाही. प्रत्येकाने आपल्या दारासमोरच्या झाडाचे आळे मोकळे ठेवले, खोडात खिळे ठोकले नाहीत आणि उन्हाळ्यात दोन घागरी पाणी घातले, तरी हे छत्र पुढील पिढीपर्यंत टिकेल.