शिक्का आणि माणूस : या पंधरवड्याचा स्वाध्याय

॥ श्रीगुरुमाउली प्रसन्न ॥



निवडणूक जवळ आली की निपाणी, चिकोडी, खानापूर, बेळगाव अशा सगळ्याच केंद्रांवरून आमच्याकडे एकाच धाटणीचे निरोप येऊ लागतात. "ग्रुपवर राजकारण नको म्हणून किती वेळा सांगितलं, तरी टाकतातच. इतकी वर्षं नाम घेऊन हा माणूस असा कसा?" गंमत अशी की हा 'असा' दोन्हीकडे सापडतो. एका निरोपात तो अंगणवाडी सेविकांच्या मोर्चात लाल झेंडा धरणारा असतो, दुसऱ्यात शिवजयंतीच्या मिरवणुकीत भगवा फेटा बांधून पुढे चालणारा. एका केंद्रावर तर अशा दोघा गुरुबंधूंपैकी एकाने गुरुवारची आरतीच सोडली. वर्षानुवर्षं एका सतरंजीवर बसलेली माणसं ही! म्हणून हा विषय घेतला आहे. मत कोणाला द्यावं हे आपण इथे बोलत नाही, बोलणारही नाही. वेगळं मत देणाऱ्याकडे कसं पाहावं, एवढंच बघायचं आहे.

आधी शब्द तपासू. 'डावे' आणि 'उजवे' ही नावं मुळात बसण्याच्या जागेवरून पडली. १७८९ मध्ये फ्रान्सच्या राष्ट्रीय सभेत राजाला नकाराधिकार असावा म्हणणारे अध्यक्षांच्या उजव्या हाताला बसले, नसावा म्हणणारे डाव्या हाताला. तो राजा गेला, ती सभा गेली, बैठक तेवढी राहिली. आणि तीच आपण आज आपल्या गल्लीतल्या माणसांना लावतोय. 'डावा' म्हटला की देव न मानणारा, सैन्याला नावं ठेवणारा, सणात खोडा घालणारा. 'उजवा' म्हटला की दुसऱ्या धर्माच्या जिवावर उठलेला, गरिबाची पर्वा नसलेला, आलेला मेसेज डोळे मिटून पुढे ढकलणारा. खरं तर लाल झेंडावाली ताई नवरात्राचे नऊ दिवस अनवाणी चालते, हे आपण पाहिलेलं असतं. भगव्या फेट्याचा दादा मुसलमान शेजाऱ्यासाठी रात्री दोन वाजता रक्त द्यायला पळाला, हेही माहीत असतं. पण ते आपण धरतच नाही. "तो अपवाद हो" म्हणतो आणि शिक्का होता तसाच ठेवतो. ओळखीतले असे अपवाद एकदा बोटांवर मोजून बघा. बोटं कमी पडतील.

हे काही आपल्याकडेच होतं असं नाही. अमेरिकेत २०१९ मध्ये एक मोठी पाहणी झाली. तिथल्या दोन्ही पक्षांच्या लोकांना विचारलं, समोरच्या पक्षात टोकाच्या मतांचे लोक किती असतील? सरासरी उत्तर आलं, शंभरात ५५. प्रत्यक्षात निघाले ३० च्या आसपास. म्हणजे जवळजवळ दुप्पट अंदाज! आणि राजकीय बातम्या जास्त वाचणाऱ्यांचा अंदाज कमी वाचणाऱ्यांपेक्षा जास्त चुकला होता. सकाळी उठल्या उठल्या मोबाईल उघडणाऱ्यांनी हे वाक्य परत वाचावं.

आता आपल्या मातीतलं बघू.

निपाणी म्हणजे तंबाखू. शेतकरी तो शेतात पिकवायचा आणि वखारीत बाया तो चाळायच्या, कुटायच्या. दिवसभर ती धूळ नाकातोंडात, हातात मजुरी तुटपुंजी. प्रा. सुभाष जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या बायांची संघटना बांधली. दीपा धनराज आणि त्यांच्या 'युगांतर' गटाने १९८२ मध्ये या बायांवर माहितीपटही केला. संघटना, मजुरी, संप असे शब्द कानावर पडले की ऐकणारा लगेच म्हणायचा, हे डाव्यांचं काम.

त्याच निपाणीत १९८१ मध्ये शरद जोशींची शेतकरी संघटना आली. शरद जोशी म्हणजे स्वित्झर्लंडमधल्या बर्नला जागतिक टपाल संघटनेत अधिकारी असलेले गृहस्थ. ती नोकरी सोडून ते भारतात आले आणि चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू शेती करू लागले. मागणी एकच, घामाला दाम, पिकवायला जो खर्च येतो तो भरून निघेल असा भाव. सरकारने बाजारात हात घालून शेतमालाचे भाव पाडू नयेत, असं ते उघड म्हणायचे. यावरून पुष्कळ डाव्या अभ्यासकांनी त्यांच्यावर शिक्का मारला, 'ही धनदांडग्या शेतकऱ्यांची चळवळ'.

पुस्तकी हिशोबाने हे दोघे एकत्र यायलाच नको होते. शेतकऱ्याला भाव पाहिजे, वखारीतल्या बाईला मजुरी. पण दोघांचं येणं अडकलं होतं एकाच दारात, व्यापाऱ्याच्या. बायांची संघटना बांधणारे सुभाष जोशीच शेतकऱ्यांच्या आंदोलनातही पुढे होते. १४ मार्च १९८१ ला शेतकरी पुणे-बंगळूर महामार्गावर येऊन बसले. एक दिवस नाही, दोन दिवस नाही, तीन आठवड्यांच्या वर ते तिथून हलले नाहीत. ६ एप्रिलला पोलिसांनी गोळीबार केला आणि १२ शेतकरी गेले. आपल्यातल्या वयस्कर मंडळींना ते दिवस आठवत असतील. तरुणांनी त्यांच्याजवळ बसून ऐकून घ्यावेत. या भागात तंबाखू मराठी बोलणारे पिकवायचे तसे कन्नड बोलणारेही पिकवायचे, आणि भाव पडला की तो दोघांचाही पडायचा. व्यापाऱ्याचा काटा भाषा विचारून वजन करत नाही.

शरद जोशींचं पुढचं आयुष्य बघा म्हणजे शिक्क्याची आणखीच पंचाईत होते. १९८६ मध्ये चांदवडला त्यांनी शेतकरी स्त्रियांचं मोठं अधिवेशन भरवलं. पुढे 'लक्ष्मीमुक्ती' काढली, म्हणजे शेतकऱ्याने स्वतःहून काही जमीन बायकोच्या नावावर करायची. आणि हाच माणूस नव्वदीत खुल्या अर्थव्यवस्थेच्या बाजूने उभा राहिला. बायकोला जमीन देणं डावं की उजवं? खुला बाजार कुठला? दोन्ही एकाच डोक्यात कसं मावलं? मावलं, कारण माणसाचं डोकं म्हणजे पोस्टातले खण नव्हेत. (हे टपाल खात्यातून आलेल्या माणसाबद्दल लिहितोय, म्हणून जरा हसू येतंय.)

पण एकी झाली म्हणजे सगळं चांगलं झालं, असंही समजू नये. संयुक्त महाराष्ट्र समिती बघा. १९५६ मध्ये ती स्थापन झाली. तिच्या छत्राखाली कम्युनिस्ट होते, समाजवादी होते, शेकाप होता, शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन होतं, हिंदू महासभा आणि जनसंघही होते. आज ही नावं एका दमात घेतली तरी लोक चमकतात. सीमाभागात १७ जानेवारीला आपण ज्या हुतात्म्यांना वंदन करतो, त्यांत निपाणीच्या कमळाबाई मोहिते आहेत. त्या आंदोलनातला वारसा डाव्यांकडेही आला आणि उजव्यांकडेही. प्रा. एन. डी. पाटील आयुष्यभर शेकापचे, पण सीमाप्रश्नावर शिवसेनेच्या लोकांबरोबर एका व्यासपीठावर बसले. ते गेले तेही १७ जानेवारीलाच, २०२२ मध्ये.

तरीही आपल्या घरात एक गोष्ट खरी बोलली पाहिजे. त्या एकीत मराठी डावा आणि मराठी उजवा जवळ आले, पण शेजारचा कन्नड बोलणारा लांब गेला. १ नोव्हेंबरला एका गल्लीत काळा दिवस आणि दुसऱ्या गल्लीत राज्योत्सव. मागणी न्याय्य असेल, कोर्टात खटला चालू आहे, त्यावर आम्ही काही म्हणत नाही. म्हणायचं ते इतकंच की समोर कोणीतरी असल्याने झालेली जवळीक आणि एकच ओझं उचलल्याने झालेली जवळीक, या दोन वेगळ्या असतात. पहिलीत जुना शिक्का पुसला जातो, पण तोच शाईसकट दुसऱ्याच्या कपाळावर उमटतो. बेळगावच्याच हिंदवाडीत ज्यांचं मंदिर आहे त्या गुरुदेव रा. द. रानड्यांनी मराठी संतांवर ग्रंथ लिहिला आणि कन्नड संतांवरही लिहिला. दोन्ही भाषांतला देव त्यांना एकच दिसला. आपल्याला निदान दोन्ही भाषांतला भाजीवाला एक दिसायला हरकत नाही.

आणि हा नुसता ग्रुपवरच्या शिष्टाचाराचा प्रश्न नाही. आपण ज्या महामार्गाने जातो-येतो, त्याच्या एका टोकाला कोल्हापूर आणि दुसऱ्या टोकाला धारवाड. २०१५ च्या फेब्रुवारीत कोल्हापुरात गोविंद पानसरे यांना गोळ्या घातल्या, ऑगस्टमध्ये धारवाडात डॉ. एम. एम. कलबुर्गी यांना. पानसरे कम्युनिस्ट, त्यांनी शिवरायांवर पुस्तक लिहिलं. कलबुर्गी वचन साहित्याचे अभ्यासक. दोघांचं एक पानही न वाचता दोघांविषयी ठाम बोलणारे आपल्याकडे तेव्हाही होते, आजही आहेत. ते कोणाला मारत नाहीत, हे खरं. पण माणूस गेल्यावर "तो तसलाच होता" म्हणून हळहळसुद्धा वाटू नये, इतपत मन घट्ट होतं. साधकाला भीती वाटावी ती या घट्टपणाची.

मग करायचं काय? आपल्या शास्त्रात याची रीत आहे, पूर्वपक्ष. खंडन करण्याआधी समोरच्याचं म्हणणं इतकं नीट मांडायचं, की त्याने स्वतः म्हणावं, "हो, मला हेच म्हणायचं होतं." तोवर आपला सिद्धान्त मांडायचा हक्कच नाही. निपाणीहून संकेश्वरकडे जाताना तवंदी घाटात स्तवनिधीचं जैन क्षेत्र लागतं. तिथे जाणाऱ्या आपल्या जैन शेजाऱ्यांच्या दर्शनात 'स्यात्' हा शब्द आहे, म्हणजे 'एका दृष्टीने बघितलं तर'. वाद घालताना हा एक शब्द मनात ठेवून बघा, आवाज आपोआप खाली येतो.

यावर काही जण विचारतात, मग खोटं चाललं तरी गप्प बसायचं का? अजिबात नाही. कोणा जातीधर्माची बदनामी करणारा मेसेज आला तर तिथल्या तिथे "हे खोटं आहे, काढा" म्हणावं. बोलावं मेसेजबद्दल. टाकणाऱ्याची कुळी काढू नये.

या पंधरवड्याचा अभ्यास असा. आपल्या ओळखीतला, शक्यतो आपल्याच केंद्रावरचा, उलट मताचा एक माणूस निवडावा. त्याच्याकडे चहाला जावं. तुम्ही कोणाला मत देता हे विचारू नये. "सध्या काळजी कशाची आहे?" एवढंच विचारावं आणि ऐकावं. उसाचं बिल थकलंय, पोराला नोकरी नाही, दवाखान्याचा खर्च, पाण्याची पाळी, जे निघेल ते. त्यावर उपाय तो कुठला सांगतो आणि तोच का, हेही ऐकून घ्यावं. मध्ये "पण तुमचे ते नेते" असं म्हणायचं नाही. घरी येऊन त्याचं म्हणणं त्याच्या बाजूने आठ-दहा ओळींत लिहावं आणि त्याला वाचून दाखवावं. तो म्हणाला "बरोबर", तर कागद जपून ठेवावा. म्हणाला "असं नव्हतं म्हणायचं मला", तर खोडून परत लिहावं. दोन-तीनदा खोडावं लागेल, त्याची लाज नको.

काही ठिकाणी उपायांवर एकमत होणार नाही. एक म्हणेल सरकारने द्यावं, दुसरा म्हणेल सरकारने मध्ये पडू नये. राहू दे तसंच. वखारीतल्या बाईचं आणि शेतकऱ्याचंही सगळं जुळलं नव्हतं.

ज्या केंद्रावर आरती सोडलेले गुरुबंधू आहेत, तिथल्या मंडळींनी पहिला चहा त्यांच्याकडेच घ्यावा. आधी फोन करून जावं आणि दोघांपेक्षा जास्त जणांनी जाऊ नये, नाहीतर शिष्टमंडळ आल्यासारखं वाटतं. पुढच्या पंधरवड्याच्या गुरुवारी आरतीनंतर कागद वाचू. नावं लिहू नयेत. कन्नडमध्ये लिहिलं असेल तर तसंच आणावं, वाचून सांगणारे आपल्यात आहेत.

॥ श्रीगुरुचरणी अर्पण ॥