अंदमानच्या सहलीत बाराटांग का नाही

पालकहो, अंदमानच्या सहलीचं पत्रक घरोघरी पोहोचल्यापासून तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी मला एकच विचारलं. "मॅडम, सगळे टूरवाले बाराटांगला नेतात, आपल्या यादीत ते कसं नाही? मुलं एवढ्या लांब जाणार, मग गुहा बघूनच येऊ देत की!" प्रश्न अगदी रास्त आहे. फोनवर दोन वाक्यांत उत्तर देऊन तो उडवून लावावा असं वाटलं नाही, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

पोर्ट ब्लेअरहून (आता अधिकृत नाव श्रीविजयपुरम) बाराटांगला जाणारा अंदमान ट्रंक रोड जारवा या आदिवासी जमातीच्या राखीव जंगलातून जातो. जिरकाटांगच्या नाक्यावर उजाडायच्या आधीपासून पर्यटकांच्या गाड्यांची रांग लागते. ठरलेल्या वेळी फाटक उघडतं आणि सगळ्या गाड्या एकामागोमाग एक, ताफ्याने निघतात. वाटेत थांबायचं नाही, काच खाली करून खाऊ द्यायचा नाही, फोटो काढायचा नाही. हे सगळं कायद्याने बंद आहे, आणि त्यासाठी तुरुंगवासाची शिक्षाही आहे. तरीही 2012 मध्ये जारवा मुलींना खाण्याच्या मोबदल्यात नाचायला लावल्याची चित्रफीत जगभर पोहोचली. राखीव जंगलातून जाणारा रस्ता बंद करा, असं सर्वोच्च न्यायालयाने 2002 मध्येच सांगितलं होतं. रस्ता आजही चालू आहे.

बाराटांगच्या चुनखडीच्या गुहा सुंदर आहेत, खाडीतली कांदळवनंही सुंदर आहेत, यात वाद नाही. पण चौदा वर्षांच्या मुलांनी भरलेली बस त्या जंगलातून निघाली की आत काय चालेल, हे तुम्हीही ओळखू शकता. सगळे डोळे काचेला, आणि "दिसला का? दिसला का?" मुलांचा त्यात दोष नाही. बसची आखणीच तशी असते. माणसं बघायला निघालेल्या गाडीत मी माझ्या विद्यार्थ्यांना बसवणार नाही. चुनखडीच्या गुहा आंध्रात बोऱ्याला आहेत, मेघालयात आहेत. तिथे कधीही जाता येईल.

यामागे इतिहास आहे, आणि तो मुलांनी जाण्याआधीच ऐकावा अशी माझी इच्छा आहे. 1857 च्या उठावानंतर, मार्च 1858 मध्ये, दोनशे कैदी घेऊन इंग्रज अंदमानात आले आणि वसाहत उभी राहिली. त्या वेळी ग्रेट अंदमानी लोकांच्या वेगवेगळ्या टोळ्या होत्या, वेगवेगळ्या बोली होत्या, माणसं हजारोंनी होती. वसाहतीबरोबर गोवर आला, फ्लू आला, उपदंश आला. 1961 च्या जनगणनेत ग्रेट अंदमानी उरले होते 19. त्यांच्यातली 'बो' ही बोली बोलणारी शेवटची स्त्री, बोआ सीनियर, जानेवारी 2010 मध्ये वारली. भाषाशास्त्रज्ञ अन्विता अब्बी तिच्याकडे बसून शब्द, गाणी, गोष्टी टिपून घेत होत्या. शेवटची काही वर्षं बोआला तिच्या बोलीत उत्तर देणारं कुणी राहिलं नव्हतं. हे वर्गात सांगितलं तेव्हा मागच्या बाकांवरची मुलंसुद्धा गप्प झाली होती.

जारवा बराच काळ बाहेरच्यांना जवळ येऊ देत नसत. 1990 च्या दशकाच्या अखेरीस ते जंगलाबाहेर येऊ लागले आणि 1999 मध्ये त्यांच्यात गोवराची साथ पसरली. आपल्याकडे मुलाला गोवर आला तर बहुतेक वेळा ते काही दिवस ताप काढतं आणि पुन्हा खेळायला लागतं. ज्या समाजाने तो आजार पिढ्यान्‌पिढ्या पाहिलाच नाही, त्याचं तसं नसतं. 2011 च्या जनगणनेत जारवा होते 380. आपल्या शाळेच्या एका मजल्यावर मावतील इतकेच.

मग त्यांच्याबद्दल मुलांना काही कळणारच नाही का? कळेल. पोर्ट ब्लेअरमध्ये भारतीय मानववंशशास्त्र सर्वेक्षणाचं संग्रहालय आहे, तिथे आपण निवांत वेळ ठेवला आहे. झाडाच्या सालीचं छातीवर बांधायचं जारवांचं कवच जवळून पाहिलं की ते किती विचारपूर्वक बनवलं आहे ते उमगतं. 2004 च्या सुनामीत समुद्र मागे सरकताना पाहून लिटल अंदमानातले ओंगे आदिवासी उंचावर निघून गेले आणि वाचले, हेही तिथेच सांगायचं ठरवलं आहे. ज्यांना आपण 'मागासलेले' म्हणून मोकळे होतो, त्यांना समुद्र वाचता येत होता.

सेल्युलर जेलबद्दल मराठी घरांत वेगळं सांगायला नको. सावरकरांना 1911 मध्ये इथे आणलं, तेव्हा थोरले बंधू बाबाराव आधीच याच तुरुंगात होते. ती कोठडी मुलं पाहतीलच, नमस्कारही करतील. माझा आग्रह एवढाच आहे की त्यांनी तिथून लगेच बाहेर पडू नये. मधल्या मनोऱ्यापासून सात पाख्या निघत होत्या, आज तीन उभ्या आहेत. प्रत्येक पाखीचं तोंड पुढच्या पाखीच्या पाठीकडे. कोठडीच्या दारातून समोर दिसते ती नुसती भिंत, खिडकी म्हणाल तर डोक्याच्याही वर. शेजारी कोण आहे ते दिसत नाही. कैद्याला माणसाचा चेहराच दिसू नये, असा विचार करून कुणीतरी कागदावर हा आराखडा काढला होता. मुलांनी एका कोठडीत थोडा वेळ न बोलता उभं राहावं, असं मी ठरवलं आहे. ध्वनिप्रकाशाचा कार्यक्रम छान असतो, पण तो त्यानंतर.

आणि तिथल्या संगमरवरी पाट्यांवरची नावं मुलांनी वाचावीत. बंगालची यादी लांबलचक आहे, पंजाबचीही. लाहोर कटातला महावीरसिंग 1933 मध्ये उपोषणाला बसला. नळीने बळजबरीने दूध पाजताना ते फुप्फुसात गेलं आणि तो मेला. हे नाव आपल्या मुलांना माहीत नसतं. परतताना माहीत असावं.

आता जी माणसं आज तिथे राहतात त्यांच्याबद्दल, कारण संस्कृती बघायला जायचं तर ती पोर्ट ब्लेअरच्या अबर्डीन बाजारात भेटते. शिक्षा भोगून तिथेच संसार थाटलेल्या कैद्यांचे वंशज स्वतःला 'लोकल' म्हणवतात. त्यांच्या पणजोबा-पणजींनी लग्नं केली तेव्हा जात, प्रांत, कधी धर्मही आड आला नाही. फाळणीनंतर वसवलेली बंगाली कुटुंबं, जंगलकामासाठी आणलेले छोटा नागपूरचे आदिवासी ज्यांना तिथे 'रांची' म्हणतात, 1925 च्या सुमारास ब्रह्मदेशातून आणलेले मायाबंदरचे करेन, शिवाय तमिळ आणि तेलुगू माणसं. बाजारात सगळ्यांची भाषा हिंदी, अगदी स्वतःच्या वळणाची. दुकानदाराशी, बोटीवरच्या काकांशी "तुमचं घर मूळ कुठलं?" एवढं विचारायची मुलांना मोकळीक असेल. उत्तरं ऐकून येऊ देत, भूगोलाचा निम्मा धडा तिथेच होईल.

निसर्गाचा भाग मुलांच्या सर्वांत आवडीचा ठरणार, म्हणून मला त्याची काळजी कमी वाटते. वांडूरच्या सागरी राष्ट्रीय उद्यानात जाताना धक्क्यावरच पिशव्या तपासतात. प्लास्टिक पुढे नेता येत नाही. खाऊ पाठवाल तो कागदात किंवा डब्यात. शहीद द्वीपला ओहोटीची वेळ साधून नैसर्गिक खडकांच्या कमानीपाशी जायचं आहे. पाणी ओसरलं की खडकांतल्या खळग्यांत समुद्री काकड्या, खेकडे, शिंपले उघडे पडतात. पाय फक्त उघड्या खडकावर, प्रवाळावर नाही, हे आत्तापासून घोकून घेतलं आहे. ही प्रवाळं 2010 च्या उन्हाळ्यात समुद्र तापल्याने मोठ्या प्रमाणावर पांढरी पडली होती. जी सावरली त्यांच्यावर आपले बूट नकोत. रॉस बेटावर, म्हणजे आताच्या नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीपावर, चितळ मुलांच्या अगदी जवळ येतात आणि सगळे हरखून जातात. इंग्रजांनी शिकारीसाठी आणलेले हे प्राणी. इथे वाघ-बिबट्या नाहीत, त्यामुळे ते वाढत गेले आणि जंगलातली कोवळी रोपं फस्त करू लागले. देखणा प्राणीसुद्धा चुकीच्या जागी जंगलाला जड होतो, हे मुलांनी तिथेच पाहावं.

आता तुमच्याकडून हवं ते. "आठवण म्हणून शंख आण" असं कृपा करून सांगू नका. किनाऱ्यावरचे प्रवाळ आणि संरक्षित शंख उचलणं गुन्हा आहे आणि विमानतळावर बॅगा तपासतात. त्या वेळी पोराच्या डोळ्यांत पाणी येतं आणि आमचाही जीव कासावीस होतो. पोहायला फक्त जीवरक्षक असतील तिथेच, लाइफ जॅकेट घालून. त्या समुद्रात मगरी आहेत, म्हणून ही अट सगळ्यांना, पोहण्यात पदकं मिळवलेल्यांनाही. बोट लागण्याची गोळी डॉक्टरांना विचारून पाठवा. डिसेंबरात तिथे संध्याकाळी पाचच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणून आपला दिवस पहाटे सुरू होईल. घरी आठला उठणाऱ्यांना आठवडाभर आधीपासून सवय लावा.

मुलांचे फोन आमच्याकडे राहतील. बेटांवर सगळीकडे नेटवर्क मिळेलच असं नाही. रात्री मुक्कामी पोहोचल्यावर आमच्याकडून सगळ्या पालकांना एक निरोप येईल. तो उशिरा आला तर बोट उशिरा आली असं समजा.

निघण्याआधी एखाद्या रविवारी जमलं तर सावरकरांच्या 'माझी जन्मठेप'ची काही पानं मुलांबरोबर मोठ्याने वाचा. वाचताना त्यांना जे जे प्रश्न पडतील ते वहीत उतरवून घ्यायला सांगा. तुरुंगात आणि संग्रहालयात माहीतगार माणसं आपल्यासोबत असतील, त्यांना ते विचारता येतील.