चढावर फसलो, उतारावर कळलं

माकणीचा मुलूख सपाट. काळी रानं, ऊस, सोयाबीन आणि तेरणेवरचं निम्न तेरणा धरण. सायकलवाल्याला चढ हवाच असेल तर धरणाच्या भिंतीकडे जाणारा जेमतेम मिनिट-दीड मिनिटाचा रस्ता, नाहीतर लांबचा तुळजापूरचा घाट. दोन वर्षांपूर्वी या धरणाच्या चढावर मी एक वापरलेली कार्बनची रोड बाईक चालवून बघितली आणि तिथंच फसलो.

विकणारा सोलापूरहून गाडीच्या टपावर सायकल बांधून आला होता. भाव काढायच्या आधीच म्हणाला, "सर, उचलून तर बघा." उचलली. दोन बोटांवर आली. खरं सांगायचं तर सौदा तिथंच अर्धा झाला होता. वजन साडेसात किलो, असं त्यानं सांगितलं आणि मी ऐकून घेतलं. आमच्याकडे बैल घेताना दात बघतात, चालवून बघतात, चार माणसं बोलावतात. शिकलेल्या माणसानं एक लाखाची सायकल घेताना दोन बोटांवर भागवलं.

मग चढ. माझ्या जुन्या ॲल्युमिनियमच्या हायब्रीडवर तो चढायला मला १०२ सेकंद लागायचे. या सायकलवर ८१ लागले. वर पोचलो तेव्हा छाती फुटायची बाकी होती, पण चेहऱ्यावर नवरदेवाचं हसू. टोकनचे पैसे तिथंच दिले.

हिशेब मी महिनाभरानं केला. चढावर ओढायचं असतं ते माणूस आणि सायकल यांचं मिळून वजन. मी ७८ किलोचा, जुनी सायकल साडेबाराची, म्हणजे साडेनव्वद. नवी खरोखर साडेसातची धरली तरी साडेपंच्याऐंशी. फरक साडेपाच टक्क्यांचा. १०२ सेकंदांत तो पाच-सहा सेकंदांचा होतो. उरलेले पंधरा सेकंद सायकलनं दिलेच नव्हते. काही टणक भरलेल्या टायरांनी दिले, कारण माझ्या जुन्या सायकलची हवा मी आठवडा-आठवडा बघत नसे. बाकीचे माझ्या हौसेनं. दीड मिनिट माणूस कशावरही जीव तोडून पायडल मारतो. छोट्या चढाचा दोष हाच. तो सायकलपेक्षा आपला उत्साह जास्त मोजतो.

त्याच दिवशी उतरताना इशारा मिळाला होता, पण मी तो घेतला नाही. खाली एक शेळी आडवी आली आणि मी सवयीनं डावा ब्रेक दाबला. माझ्या जुन्या सायकलला पुढचा ब्रेक उजव्या हाताला, मोटारसायकलसारखा. हिला तो डावीकडे होता. मागचं चाक उचललं गेलं. पडलो नाही, शेळीही वाचली. विकणारा हसून म्हणाला, "बघा, ब्रेक किती कडक!" मीही हसलो.

पुढच्या महिन्यात तुळजापूरच्या घाटाला गेलो आणि गुडघ्यांनी बोंब मारली. या सायकलचं पुढचं लहान चक्र ३९ दात्यांचं आणि मागचं सर्वांत मोठं २५ चं. मिनिटाला पायडलचे साठ फेरे मारायचे तर ताशी बारा किलोमीटरचा वेग हवाच. घाटात तेवढा दम माझ्यात नाही. ३४ आणि ३२ ची जोडी असती तर तेच साठ फेरे ताशी आठाच्या वेगात बसले असते. शर्यतवाल्या पोराची सायकल होती ती, माझ्यासारख्या पन्नाशीच्या मास्तराची नव्हे. धरणाच्या चढावर हे कळायला तेवढी लांबीच नव्हती.

शेवटचा धडा सीटचा. दर फेरीत सीट बोटभर खाली बसायची. मी ॲलन की घेऊन सीटच्या दांड्याचा क्लॅम्प दंडाच्या जोरानं आवळला. 'टच्' असा बारीक आवाज आला. पुण्यातल्या कारागिरानं सीटचा दांडा बाहेर काढून दाखवला. कार्बनच्या दांड्याला कुणीतरी साधं ग्रीस फासलं होतं. तिथं बारीक कण असलेली खरखरीत पेस्ट लागते, ती दांडा धरून ठेवते. क्लॅम्पवर ५ न्यूटन-मीटर असं स्पष्ट कोरलेलं होतं. मी त्याच्या कितीतरी पुढं गेलो होतो. दांड्याला केसासारखा तडा होता. नशीब, फ्रेमला नव्हता. स्टील आधी वाकतं, मग तुटतं. कार्बन वाकत नाही, एकदम जातो.

विकणाऱ्याला फोन केला. तो म्हणाला, "सर, चालवून घेतली होती ना तुम्ही." बरोबरच होतं त्याचं. पाण्यातल्या म्हशीचं मोल मीच केलं होतं.

आता कुणी विचारलं तर सांगतो की आपली जुनी सायकल सोबत न्या. दोन्हींत हवा भरा आणि एकाच दिवशी, एकाच वाऱ्यात, आलटून-पालटून दोनदा चढा. जीव तोडू नका, गप्पा मारता येतील इतक्याच जोरात चढा. चढायच्या आधी उभ्या सायकलचे दोन्ही ब्रेक दाबून कुठला हात कुठल्या चाकाचा ते बघा. दाते मोजा, लाज वाटू देऊ नका. सीटचा दांडा बाहेर काढायला लावा. नाणं घेऊन फ्रेमवर हलकेच टकटक करत जा, विशेषतः जोडांपाशी आणि खालच्या नळीच्या पोटाला. टणटणीत आवाज मध्येच भद्द झाला तर थांबा आणि जाणत्याला दाखवा. आणि चढाइतकाच वेळ खराब रस्त्याला द्या. उसाच्या ट्रॉल्यांनी उखडलेल्या डांबरावर जी सायकल कुरकुरते, ती घाटातही कुरकुरणार.

ती सायकल अजून माझ्याकडेच आहे, मागचे दाते बदलून. परवा भुसार दुकानाच्या काट्यावर टांगली, तर आठ किलो सातशे ग्रॅम भरली. एक छोटा लटकता काटा आणि मोजून आवळायचा पाना आता माझ्या घरी असतो. माकणीकडे सायकल बघायला आलात तर मागून न्या.