आधी पाय दाखवा, मग पैसे घ्या

ईटसारख्या गावात खाऱ्या पाण्याचा टँक ठेवणाऱ्याला कोणीही काहीही ऐकवून जातं. भूम तालुका म्हणजे उन्हाळ्यात टँकरची वाट बघणारा भाग. घरचा धंदा खव्याचा. त्यात समुद्रातले मासे पाळायचे, म्हणजे लोकांना बोलायला आयतं निमित्त. गावातल्यांचं बोलणं मी कधी मनावर घेतलं नाही. पण आगाऊ पैसे घेऊन ज्याने माझ्याकडे मरणाला टेकलेलं जायंट कार्पेट ॲनिमोन पाठवलं, त्या मुंबईच्या विक्रेत्यानेच वर म्हणावं, "दादा, तुमच्या बोअरच्या पाण्याने मेलं ते", हे मला आजही सहन होत नाही.

आरोप पाण्यावर आहे, तेव्हा आधी पाण्याचंच सांगतो. आमच्या बोअरचं पाणी जड आहे, हे मला त्याने सांगायची गरज नव्हती. चहाच्या पातेल्याला बसणारा पांढरा थर आमच्याकडे शेंबडं पोरही ओळखतं. म्हणून ते पाणी मी आरओमधून काढतो आणि त्यानंतर डीआय रेझिनच्या नळीतून. टीडीएस मीटरवर शून्य आल्याशिवाय एक थेंब पुढे जात नाही. मग लिटरला साधारण पस्तीस ग्रॅम सागरी मीठ, रात्रभर पंपाने घुसळणं आणि सकाळी रिफ्रॅक्टोमीटरवर हजारी 35 क्षारता बघूनच पाणी टँकमध्ये. आरओचं वाया जाणारं पाणी भट्टीवरच्या कढया घासायला आणि गोठा धुवायला जातं, त्यामुळे दुष्काळात पाणी नासतो हा आरोपही माझ्यावर करता येत नाही. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, नायट्रेट दहाच्या आत, अल्कलिनिटी आठ ते नऊ डीकेएच. दर रविवारच्या नोंदी वहीत आहेत. क्लाउनफिशची जोडी त्याच पाण्यात अंडी घालते आहे. त्याच पाण्यात, त्याच आठवड्यात.

मुंबईवाल्यांचा एक समज असतो की समुद्र दाराशी आहे म्हणून पाण्यातलं आपल्यालाच कळतं. तारापोरवाला मत्स्यालय 1951 साली मरीन ड्राइव्हवर समुद्रासमोर उभं राहिलं, ते योग्यच होतं. पण घरच्या टँकला समुद्र जवळ असून काही उपयोग नाही. शहराचं सांडपाणी मिसळलेलं किनाऱ्याचं पाणी कोणताही शहाणा माणूस नाजूक जिवाला देत नाही. चांगले शौकीन मुंबईतही आरओच्या पाण्यात मीठ कालवूनच वापरतात. मग ईटच्या पाण्याने काय घोडं मारलं?

आता त्या जिवाबद्दल. स्टायकोडॅक्टिला जायगँटिया हे त्याचं शास्त्रीय नाव. हिंद-प्रशांत भागातल्या उथळ प्रवाळ-पठारांवर आणि समुद्री गवतात ते राहतं. कधी कधी ओहोटीला पाणी गुडघ्याएवढंही उरत नाही अशा ठिकाणी. वर कडक ऊन, आणि लाटा सारख्या ढकलत असतात. अर्धा मीटर व्यासापर्यंत ते पसरतं. आपल्या देशात ते अंदमानकडे आढळतं. त्याच्या अंगात सूक्ष्म शैवाल असतं आणि ते उजेडावर अन्न तयार करून मालकाला देतं. तपकिरी, हिरवट, क्वचित जांभळा वा निळा, हे त्याचे खरे रंग. हॅडोनी हा त्याचा चुलतभाऊ वाळूत पाय रोवतो आणि थोडं दुर्लक्षही सोसतो. जायगँटिया सोसत नाही. तो विकणाऱ्याला हे माहीत नव्हतं असं मी मानत नाही. "एकदम हार्डी पीस आहे, शेठ" असं त्याने मला लिहून पाठवलं होतं. जांभळ्या रंगाचा फोटो पाठवला तोही वरून काढलेला. पायाचा फोटो मी मागितला, तेव्हा "काचेला चिकटलंय, काढलं तर इजा होईल" म्हणाला. ऐकायला बरोबर वाटतं, आणि बरोबर आहेही. पण मग ते सोडवून पिशवीत घातलंच ना? त्या वेळी फोटो काढायला कोणी हात धरला होता?

थर्माकोलचा खोका रात्रीच्या ट्रॅव्हल्सने निघाला आणि पहाटे बार्शीला मी तो उतरवून घेतला. घरी आल्यावर पुतण्याला मोबाइल धरायला सांगितला आणि चिकटपट्टी कापण्यापासून सगळं एका दमात चित्रित केलं. पिशवी पांढऱ्या थर्माकोलवर ठेवली. पिशवीचं आणि टँकचं पाणी एका तापमानाला आणलं, क्षारता जुळवली. टँकचा उजेड मंद केला, पॉवरहेडला जाळी आधीपासूनच होती. सगळं जसं करायला हवं तसं.

पहिल्या संध्याकाळी ते खडकाला धरेना. कलंडून पडलेलं. दुसऱ्या दिवशी फुगलं, मग पार चपटं झालं, पुन्हा फुगलं. नवीन जागी येताना थोडं फुगणं-मिटणं चालतं, पण हे थांबेना. मी विक्रेत्याला फोन केला. पहिल्या दिवशी "सेट व्हायला वेळ लागतो, सर." दुसऱ्या दिवशी "सारखं बघत बसू नका, सर." तिसऱ्या दिवशी फोन उचलणंच बंद. ज्या माणसाने पैसे येईपर्यंत दिवसाला चार निरोप पाठवले, त्याला निळ्या खुणा दिसूनही उत्तर द्यायला बोटं हलवता येईनात. रात्री टॉर्च मारून बघितलं तर तोंड उघडं पडलेलं. निरोगी ॲनिमोनचं तोंड घट्ट मिटलेलं असतं, नाडी ओढलेल्या पिशवीसारखं. याचं सैल, विस्फारलेलं, आणि आतून पांढरे धागे बाहेर लोंबत होते. हातमोजा घालून उचलायला गेलो तर पायाच्या कडेला बोटभर चीर. कडा फाटून पांढऱ्या पडलेल्या, आणि नाकाला तो वास. ज्याने एकदा घेतला त्याला पुन्हा सांगावं लागत नाही. तिथल्या तिथे बाहेर काढलं, पाणी बदललं, कार्बन टाकला, म्हणून क्लाउनची जोडी वाचली. एवढ्या आकाराचं ॲनिमोन टँकमध्ये कुजलं तर रातोरात अमोनिया चढून सगळं संपतं.

खरं काय ते कळलं त्यानंतर. पुण्यात या छंदातले एक जुने जाणकार आहेत, त्यांना मी व्हिडिओ पाठवला. त्यांनी तो बघितला आणि फोनवर एवढंच म्हणाले, "मागे घ्या. पिशवीचं पाणी बघा." मी पुन्हा लावला. पांढऱ्या थर्माकोलवर पिशवी, आणि आतलं पाणी फिकट जांभळं. ताण आला की ॲनिमोन तपकिरी चिकट धागे सोडतं, ते त्याचंच शैवाल असतं, ते मी पाहिलेलं आहे. पण पाणी जांभळं करणारं ॲनिमोन निसर्गात नसतं. रंगवलेलं होतं ते! आतलं शैवाल गेलेलं, पांढरं पडलेलं जनावर रंगाच्या पाण्यात बुडवून काढायचं आणि 'रेअर पर्पल' म्हणून चढ्या भावाला विकायचं, हा धंदा जगभर चालतो असं ते म्हणाले. मग त्यांनी पायाशी व्हिडिओ थांबवायला लावला. चीर तिथेही होती. पिशवी उघडण्याच्या आधी. माझ्या टँकचं पाणी त्याला अजून लागलेलंही नव्हतं.

मी दोन्ही चित्रं विक्रेत्याला पाठवली. त्यावर तो म्हणाला, "प्रवासात फाटलं असेल, तो ट्रॅव्हल्सवाल्याचा प्रश्न." आणि रंगाचं? त्यावर आजतागायत उत्तर नाही.

तेव्हा ज्यांना हा जीव पाळायचाच आहे, त्यांनी पुढचं नीट वाचावं. न बघता मागवू नका. दुकानात जा, आणि तिथे येऊन त्याला किमान दोन आठवडे झालेत याची खात्री करा. तोंड मिटलेलं हवं, पाय अखंड हवा, शुंडकांना बोट लावलं तर ती चिकटायला हवीत (हातमोजा घालूनच, काहींच्या कातडीवर पुरळ उठतं). समोर कोळंबीचा तुकडा भरवायला लावा. निरोगी असेल तर ते तुकडा धरून ओढून घेतं. तोंडापासून पायापर्यंत एकच गडद रंग असेल, तर मागे फिरा. पाय, खोड आणि शुंडकं यांच्या रंगात निसर्गतः फरक असतो. पांढरं शुभ्र असेल तर ते सुंदर नाही, उपाशी आहे.

टँक तीनशे लिटरच्या खाली नको आणि तो वर्षभर मुरलेला हवा. तापमान 25 ते 27 अंश. आमच्याकडे मे महिन्यात पारा चाळीसच्या पुढे जातो, तेव्हा चिलरला पर्याय नाही. माझा टँक माळवदाच्या जुन्या खोलीत आहे, भिंती हातभर जाड, म्हणून चिलरवर ताण कमी येतो. नवीन स्लॅबच्या किंवा पत्र्याच्या खोलीत ठेवणार असाल तर विजेच्या बिलाचा आधी विचार करा. लाईट गेली की पहिला धोका उष्णतेचा नाही, प्राणवायूचा. इन्व्हर्टरवर निदान एक पॉवरहेड चालायलाच हवा, आणि बॅटरीवरचा हवेचा पंप जवळ ठेवा. प्रवाह जोरदार हवा पण दिशा बदलणारा; एकाच बाजूने सतत मारा झाला तर ॲनिमोन जागा सोडून फिरायला लागतं आणि फिरलं की पंपात अडकतं. उजेड कडक, पण पहिल्या दिवसापासून पूर्ण नाही, हळूहळू वाढवत न्या. खायला अंगठ्याच्या नखाएवढा तुकडा, आठवड्यातून एकदा-दोनदा. मोठा दिला तर ओकून टाकतं. तांब्याचं औषध त्या टँकमध्ये कधीही नको. माशांना बरं करणारं तांबं ॲनिमोनला मारतं. छोटे गोबी, मँडरिन असले मासे असतील तर ते गालिचात एक दिवस नाहीसे होणार, हे धरून चाला.

फुगणं-मिटणं दिवसामागून दिवस चालू राहिलं तर तो जंतुसंसर्ग असू शकतो. यावर जाणकार वेगळ्या छोट्या टँकमध्ये सिप्रोफ्लॉक्सासिन वापरतात, रोज पूर्ण पाणी बदलून, आणि औषध उजेडात निकामी होतं म्हणून दिवा बंद झाल्यावर. मात्रा मात्र जलजीवांचं कळणाऱ्या पशुवैद्याला विचारूनच ठरवा. मुख्य टँकमध्ये हे औषध ओतायचं नाही, पाणी स्वच्छ ठेवणारे जिवाणूही त्याने मरतात. मला या उपचाराची संधीच मिळाली नाही. फाटलेल्या पायाला ते पुरलंही नसतं.

विक्रेत्याने सोबत 'स्वस्तात' जिवंत प्रवाळाचा दगड देऊ केला तर हात लावू नका. खडक बांधणारे सगळे प्रवाळ आणि सी-फॅन 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. मलाही तो 'सोबत पाठवू का' म्हणाला होता. मी नको म्हणालो. बिल मागा, जो बिल देत नाही त्याच्याकडचा माल कुठून आला हे तोही सांगू शकत नाही. आणि पिशवी उघडण्याआधी कॅमेरा सुरू करा, मध्ये न थांबवता. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यातच करता येते, विक्रेत्याच्या गावी खेटे घालावे लागत नाहीत. दोन वर्षांची मुदत असते. 1915 या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. माझी तक्रार धाराशिवला दाखल आहे.

पैशांपेक्षा मला दुसऱ्याच गोष्टीचं वाईट वाटतं. एडिनबरोला 1828 साली किनाऱ्यावरून आणलेलं एक साधं समुद्रफूल, लोक त्याला 'ग्रॅनी' म्हणत, बरणीतल्या पाण्यात 1887 पर्यंत जगलं. एकामागून एक माणसांनी ते सांभाळलं. जात वेगळी असेल, पण या जिवांचं आयुष्य किती लांब असतं ते यावरून कळतं. माझ्याकडे आलेलं ॲनिमोन एवढं मोठं व्हायला समुद्रात किती वर्षं गेली असतील! ते कोणीतरी खडकावरून खरवडून काढलं, पाय फाडला, रंगात बुडवलं आणि खोक्यात घालून माझ्याकडे पाठवलं. क्लाउनफिशची पैदास आता आपल्याकडे होते. रामेश्वरमजवळच्या मंडपमला केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने ती करून दाखवली आहे, ऐरोलीला मँग्रोव्ह फाउंडेशनच्या केंद्रातही शोभेच्या सागरी माशांची हॅचरी आहे. जायगँटियाचं तसं नाही. बाजारात येणारं जवळजवळ प्रत्येक ॲनिमोन समुद्रातून ओढून काढलेलं असतं. क्लाउनला ॲनिमोन लागतंच असंही नाही. माझी जोडी आज एका उलट्या ठेवलेल्या मडक्याशी रमली आहे आणि तिथेच अंडी घालते. ज्यांना फक्त निमो हवा आहे, त्यांनी मडकं ठेवावं.

मी दुसरं कार्पेट मागवलेलं नाही. जो दुकानदार मला पाय दाखवेल, समोर भरवून दाखवेल आणि बिलावर जातीचं नाव लिहून देईल, त्याच्याकडूनच घेईन. तोवर खडकावरची ती जागा रिकामी राहील. माझ्या पाण्याबद्दल अजूनही कोणाला शंका असेल तर वही आणि व्हिडिओ दोन्ही जपून ठेवले आहेत. त्यांनी खुशाल ईटला यावं आणि स्वतः मीटर घालून बघावं.