शोधयंत्रातील वर्णन-ओळी : त्या कोण निवडतो?

इयत्ता पाचवीच्या विद्यार्थ्यांना आपल्या आजोबा-पणजोबांच्या कामाची माहिती जमवून आणण्यास सांगितले, म्हणजे कोकणातील व घाटावरील कित्येक मुले परळ-लालबागच्या कापडगिरण्यांकडे वळतात. मुंबई शहरातील प्राथमिक शिक्षण हा महानगरपालिकेच्या कक्षेतील विषय होय, जिल्हा परिषदेच्या नव्हे. तथापि गिरणगावात राबलेली माणसे बहुतांशी रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर अशा जिल्ह्यांतील खेड्यांतूनच तेथे गेली होती. त्यामुळे हा विषय खेड्यातल्या मुलालाही घरचाच वाटतो. मूल वडिलांचा मोबाईल घेते आणि शोधयंत्रात ‘गिरणी’ एवढा एकच शब्द लिहिते. समोर येते ती पिठाची गिरणी, घरघंटी, तिची किंमत आणि तिच्या मोटारीची अश्वशक्ती!

दुसरे एखादे चौकस मूल ‘मुंबईतील पहिली कापडगिरणी’ असे नीट विचारते. त्याला एका पानाच्या नावाखालील दोन ओळींत १८५४ हे साल दिसते. शेजारच्या मुलाला दुसऱ्या पानाखाली १८५६ दिसते. दोघेही आपापले साल वहीत उतरवून आणतात, आणि दोघेही ‘गुगलवर तसेच आहे’ असे छातीठोकपणे सांगतात. अशा वेळी शिक्षकाने कोणाचे उत्तर खोडावे?

वस्तुतः दोन्ही साले खरी आहेत. कावसजी नानाभाई दावर यांनी ‘बॉम्बे स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी’ १८५४ साली स्थापन केली आणि तिच्या ताडदेव येथील गिरणीत प्रत्यक्ष उत्पादन १८५६ साली सुरू झाले. मूळ पानांवर हा खुलासा बहुधा असतो. परंतु पानाच्या नावाखाली ज्या दोन ओळी दिसतात, त्यांत तो येतोच असे नाही. या ओळींना इंग्रजीत स्निपेट म्हणतात. येथे त्यांना वर्णन-ओळी म्हटले आहे. त्या कोण लिहितो, किंवा खरे म्हणजे कोण निवडतो, हे शिक्षकास ठाऊक असल्यास वरील पेच सहज सुटतो.

पुष्कळांची समजूत अशी असते की, कोणी जाणकार मनुष्य प्रत्येक पान वाचून त्याचा सारांश लिहीत असावा. ही समजूत अगदीच निराधार नव्हती. ‘डीमॉझ’ या नावाने ओळखली जाणारी एक मोठी निर्देशिका १९९८ साली सुरू झाली. तीत स्वयंसेवक संपादक संकेतस्थळे पाहून प्रत्येकाचे एक-दोन वाक्यांत वर्णन लिहीत. ग्रंथालयातील सूचिकाराचेच हे काम. गुगलसारखी शोधयंत्रे काही वेळा तेच वर्णन आपल्या यादीत दाखवीत असत. मात्र संकेतस्थळ बदले आणि वर्णन जुनेच राही. ती निर्देशिका २०१७ साली बंद झाली.

दुसरा मार्ग यंत्राचा. आयबीएम कंपनीतील अभियंता हान्स पीटर लून याने १९५८ साली एक निबंध प्रसिद्ध केला. लेखातील ‘आहे’, ‘आणि’, ‘परंतु’ यांसारखे सर्वत्र आढळणारे शब्द वगळावेत. उरलेल्यांपैकी जे वारंवार येतात ते महत्त्वाचे मानावेत. आणि असे शब्द ज्या वाक्यांत दाटीने येतात ती वाक्ये उचलून सारांश म्हणून छापावीत, अशी त्याची रीत होती. यंत्राला अर्थ कळत नव्हता, ते केवळ मोजत होते. आजची यंत्रे याच्या फार पुढे गेली आहेत, तरी वाक्य ‘उचलावयाचे’ हा मूळ धागा वर्णन-ओळींत टिकून आहे.

त्यात एक महत्त्वाची भर पडली. लूनचा सारांश सर्व वाचकांसाठी एकच होता. शोधयंत्रातील वर्णन-ओळी मात्र प्रत्येक प्रश्नागणिक बदलतात. शोधयंत्र कोट्यवधी पानांची नक्कल आधीच साठवून ठेवते. प्रश्न आला म्हणजे त्यातील शब्द, किंवा त्याच अर्थाचे शब्द, पानात कोठे जवळजवळ आले आहेत हे पाहून तेवढाच तुकडा पुढे करते. गिरण्यांच्या इतिहासाचे एकच पान घ्या. ‘स्थापना’ असे विचारणाऱ्यास त्यातील कंपनी स्थापन झाल्याचे वाक्य दिसेल, ‘उत्पादन’ विचारणाऱ्यास १८५६ चे, आणि ‘संप’ विचारणाऱ्यास दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली जानेवारी १९८२ मध्ये सुरू झालेल्या संपाचे. पान तेच, तुकडे मात्र तीन. खानदेशातील मुलाने ‘दादर पेरणी’ असे लिहिले तर त्याला मुंबईचे रेल्वे स्थानक दिसणार नाही, रब्बी ज्वारीचे वाण दिसेल. नुसते ‘दादर’ लिहिणाऱ्याने मात्र ज्वारीची फारशी आशा धरू नये.

या तुकड्यांत कित्येकदा तीन टिंबे असतात. मुलांचे लक्ष त्यांकडे मुळीच जात नाही. टिंबांच्या अलीकडचा मजकूर पानाच्या आरंभीचा आणि पलीकडचा पार तळाचा असू शकतो. मधले दहा परिच्छेद गळालेले असतात. मूल ते सलग वाक्य म्हणून वाचते, आणि एका गिरणीचे साल दुसऱ्या गिरणीला चिकटते. शिवाय ओळी पानाच्या साठविलेल्या नकलेवरून घेतल्या जातात. पान काल बदलले असले तरी यंत्राची पुढची फेरी होईपर्यंत जुन्याच ओळी दिसत राहतात. प्रवेशाची मुदत संपलेल्या शाळेच्या नावाखाली ‘प्रवेश सुरू’ दिसते, त्याचे कारण पुष्कळदा हेच असते.

पान तयार करणाऱ्यास या निवडीत काही अधिकार असतो काय? थोडा असतो. पानाच्या दृष्टीआड असलेल्या भागात ‘मेटा डिस्क्रिप्शन’ नावाचे छोटे टिपण लिहिता येते. पानातील मजकुरापेक्षा ते अधिक योग्य वाटले तर गुगल ते वापरते, अन्यथा सोडून देते. वर्णन-ओळी मुळीच दाखवू नयेत अशी सूचनाही देता येते; अमुक अक्षरांपेक्षा अधिक दाखवू नये, अशी मर्यादा घालण्याची सोय गुगलने २०१९ साली केली. परंतु ‘हीच ओळ दाखवा’ असा हुकूम कोणासही सोडता येत नाही. अनेक शाळांच्या संकेतस्थळांवर प्रत्येक पानाचा आरंभ ‘आपले सहर्ष स्वागत आहे’ या वाक्याने होतो. स्वागत करावे, त्याला हरकत नाही. पण त्याच वाक्यात शाळेचे गाव, तालुका व इयत्ता आल्या तर शोधणाऱ्या पालकाचे काम होईल.

मराठी पानांच्या वाट्याला आणखी एक अडचण आलेली आहे, व ती आपल्या कार्यालयांना चांगलीच परिचित आहे. युनिकोडमध्ये देवनागरीस १९९१ पासून स्थान असले तरी त्यानंतरही वर्षानुवर्षे मराठी मजकूर निरनिराळ्या कंपन्यांच्या खास टंकांत लिहिला जाई. त्यांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे आकार बसविलेले असत. डोळ्यांना ‘परळ’ दिसे, यंत्रास मात्र रोमन अक्षरांची निरर्थक जुळणी. अशी जुनी पाने मराठीत शोधली तर सापडत नाहीत, आणि सापडलीच तर त्यांच्याखालील वर्णन-ओळी म्हणजे अक्षरांचा नुसता कचरा असतो. गिरणगावासंबंधी त्या काळात लिहिले गेलेले कितीतरी लेखन आज अशा रीतीने मुलांच्या नजरेआड आहे. जी परिपत्रके व सूचना केवळ छायाचित्राच्या रूपात चढविल्या जातात त्यांची गतही फारशी वेगळी नाही. चित्रातील अक्षरे यंत्र कधी वाचते, कधी वाचत नाही. नवा मजकूर युनिकोडमध्ये टंकलिखित करूनच चढविणे, एवढे तरी प्रत्येक शाळेच्या हाती आहे.

अलीकडे यादीच्या माथ्यावर अनेक पानांवरून यंत्राने स्वतः जुळविलेला सलग मजकूरही दिसू लागला आहे. त्याची जात वर्णन-ओळींहून निराळी. तेथे वाक्य उचललेले नसून नव्याने रचलेले असते, म्हणून मूळ पानाशी ताळा पाहण्याची गरज अधिकच.

वर्गात हा विषय घेताना व्याख्यानाची आवश्यकता नाही. फळ्यावर १८५४ आणि १८५६ ही दोन्ही साले लिहावीत. ज्या मुलांनी ती आणली त्यांना मूळ पान उघडून, त्या सालाच्या मागचे एक व पुढचे एक वाक्य मोठ्याने वाचावयास सांगावे. मोबाईल एकच असेल तर तो शिक्षकाने आळीपाळीने द्यावा. नंतर प्रत्येकाने आपल्या सालापुढे त्या वर्षी नेमके काय घडले ते स्वतःच्या शब्दांत लिहावे, आणि दोन्ही उत्तरे वहीत तशीच राहू द्यावीत.